परान्नावरची विद्या

हणमंतराव वकिलांनी पंचांपुढे ठेवलेले म्हणणे एकाच वाक्याचे होते: "चि. व्यंकटेश याचे बी.ए.पर्यंतचे विद्यार्जन एकत्र कुटुंबाच्या अन्नावर व खर्चाने झाले असल्यामुळे, त्या विद्येपासून झालेली त्याची कमाई, गुलबर्ग्यात घेतलेल्या घरासह, सामाईक समजून वाटणीत धरावी."

वाक्य म्हणून ते निर्दोष होते. बीदरच्या अदालतीत उभे आयुष्य घासलेल्या लेखणीला ते शोभणारेच होते. अडचण एवढीच, की त्यातला प्रत्येक शब्द शेजारच्या शब्दाकडे पाहून लाजत होता. 'चिरंजीव' हा पहिलाच शब्द घ्या. थोरले बंधू भीमराव पेशकार वारल्यावर त्यांचा हा एकुलता मुलगा हैद्राबादेस शिकायला निघाला. तो परत येईपर्यंत जिवंत आहे की नाही, याची चौकशी काकांनी केल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते. 'विद्यार्जन' हा शब्द तर त्याहून नवा. इतिहास आणि तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करण्याचा बेत व्यंकटेशाने बोलून दाखवला, त्या दिवशी याच बैठकीत याच गृहस्थांनी त्या पदवीचे मोल करून टाकले होते. वकिलीची परीक्षा दिलीस तर लवकरच अंगावर काळा कोट चढेल आणि पक्षकार दारात चपला काढतील, बी.ए. म्हणजे चार वर्षे घालवून मिळवलेला उपाशी मरण्याचा परवाना. "मेलेल्या सुलतानांच्या वंशावळी पाठ करून कोण तनखा देतंय रे तुला?" असे त्यांनी विचारले होते. घरात कुणालाच उत्तर सुचले नव्हते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर व्यंकटेशालाही नव्हते.

उत्तर यथावकाश गुलबर्ग्याच्या कॉलेजाने दिले. तेथे इतिहासाचा असा अध्यापक हवा होता की जो उर्दूतून शिकवील आणि वर्ग सुटल्यावर मराठी-कानडी मुलांना त्यांच्या भाषेत तेच पुन्हा समजावून देईल. तनखा सुरू झाला. मग घर झाले. आणि ज्या विद्येची किंमत या कुटुंबाने शून्य ठरवली होती, तिच्यात या कुटुंबाचा हिस्सा निघाला. विद्या नापीक असते तोवर ती ज्याची त्याची असते. तिला फळ धरले की तिचे मूळ आपल्या परसात होते, असे सर्वांना एकदम आठवू लागते.

तरीही हा दावा हसण्यावारी नेता येण्यासारखा नव्हता. पलीकडे, सोलापूरच्या इंग्रजी मुलुखात, विद्येची कमाई कमावणाऱ्याची असे कायद्याने ठरून गेले होते. इकडे निजामाच्या राज्यात हिंदू कुटुंबाला जुने शास्त्रच लागू होते, आणि त्या शास्त्राला बुद्धी कुणाची हा प्रश्न कधी पडलेलाच नाही. चूल कुणाची, एवढेच ते विचारते.

हणमंतरावांना हे पक्के ठाऊक होते. तरीही त्यांनी प्रकरण अदालतीत नेले नव्हते. तेथे घरची लक्तरे उर्दूत वाचली गेली असती. झरणी नरसिंहाची शपथ घालून दोन्ही बाजूंनी पंचांचा शब्द मान्य करायचा, असे ठरले, आणि पंचही त्यांनीच निवडले: वेदशास्त्रसंपन्न राघोबाशास्त्री, ज्यांना ग्रंथापलीकडचे दिसत नसे, आणि अमृतप्पा शेटजी, मोंढ्यातले लिंगायत अडत्ये, ज्यांना ब्राह्मणांच्या घरगुती भांडणात रस असण्याचे कारण नव्हते. निवड चोख होती. चोख माणसांच्या चुकाही चोख असतात.

दुपारची जेवणे उरकून पंच बैठकीत बसले. मधोमध बिदरी पानदान होते. एका अंगाला हणमंतराव, समोर व्यंकटेश. आतल्या दाराला पडदा होता आणि पडद्याआड बायका हणमंतरावांच्या सुमनच्या लग्नाच्या शेवया वळीत बसल्या होत्या.

"आधी शास्त्र सांगतो, मग मुद्दा," राघोबाशास्त्री म्हणाले. "परक्याचं अन्न खाऊन, परक्याजवळ शिकून मिळवलेली विद्या असली तर तिची कमाई ज्याची त्याची. भाऊबंदांचा तीत वाटा न्हाई. घरच्या अन्नावर शिकला असंल तर हाय. तवा, हणमंतराव, प्रश्न एकच उरतो. पोरगं जेवलं कुणाचं?"

"माझं," हणमंतराव म्हणाले. "अख्ख्या बीदरला ठाऊक हाय. दर महिन्याला हैद्राबादेला मनीऑर्डर जायलती. शेटजी, तुमच्याच दुकानात बसून कितींदा बोललो असंन मी!"

"बोललाव की," अमृतप्पा म्हणाले. "बोलणं ऐकलंय. पैसा जाताना काय मी बघितला न्हाई."

"बाप गेलेलं पोर. त्याला वाऱ्यावर सोडायचं व्हय? आन् बुवा, बी.ए.ची थोरवी मी तुम्हाला काय सांगू! माणसाच्या बुद्धीला धार येते, बोलण्याला वजन येतं, घराण्याच्या सात पिढ्या उजळून निघतात. असल्या विद्येपायी घरानं पोटाला चिमटा घेतला. मग फळ एकट्यानं खायचं?"

"परवापरवापतोर उपाशी मरायचा परवाना म्हणायलाव न्हवं, वकीलसाब?"

"त्याला इरेला घालायला म्हणायचो, शेटजी."

राघोबाशास्त्र्यांनी पानाच्या शिरा काढता काढता विचारले, "आन् तुमची वकिली? ती बी भीमरावाच्या तनख्यावरच झाली की. संतपूरचा मळा तुम्ही वकिलीतनंच घेतलाव. मग तो बी सामाईक धरायचा का?"

या प्रश्नाची तयारी हणमंतरावांनी केलेली होती. ते जराही दचकले नाहीत. "ती कसली विद्या, बुवा! ती हमाली. दुसऱ्याचं ओझं डोक्यावर घ्यायचं आन् अदालतीत नेऊन टाकायचं. विद्या ही. ह्याची."

अशा रीतीने, ज्या घरात वकिली म्हणजे विद्या आणि बी.ए. म्हणजे रिकामटेकडेपणा असे कोष्टक इतकी वर्षे भिंतीवरच्या देवासारखे पूजले गेले, त्याच घरात ते एका दुपारी, एका पानाच्या शिरा निघेपर्यंत उलटे टांगले गेले. तत्त्वज्ञानाची इतकी भरघोस स्तुती व्यंकटेशाने कॉलेजातही ऐकली नव्हती.

"काका," तो म्हणाला, "तुमची एक बी मनीऑर्डर मला कधी मिळाली न्हाई."

"न मिळाल्याची पावती दाखव."

अमृतप्पांना हसू आले. शास्त्रीबुवांना आले नाही. "मग चार वर्षं कुणाचं जेवलास, व्यंकटेशा? त्याचं नाव सांग. प्रश्न मिटला."

व्यंकटेश गप्प राहिला.

त्याचे गप्प राहणे समजून घ्यायला हवे, कारण बैठकीत त्याचा अर्थ कुणी बोलून दाखवला नाही. हैद्राबादेस उतरल्यावर तो आधी आपल्याच ज्ञातीच्या घरी गेला होता. वार लावून जेवण्याची रीत जुनी. सात घरे सात दिवस वाटून घेतात आणि मुलगा शिकतो. त्याला जेमतेम दोन घरे मिळाली. बाकीच्यांनी बापाचे नाव विचारले, गोत्र विचारले, काका वकील असल्याचे ऐकून "मग तुला काय कमी?" असे विचारले आणि दार ओढून घेतले. मग उस्मानगंजातल्या गुरुशांतप्पांनी, बीदरहून तिकडे जाऊन धान्याचे दुकान टाकलेल्या एका लिंगायत माणसाने, दुकानामागची खोली दिली. आणि त्यांच्या बायकोने, सावित्रम्माने, काही न विचारता रोज ताट वाढले. पहिल्या दिवशी त्या ताटापुढे बसून व्यंकटेश रडला होता. धर्म बुडाला म्हणून नव्हे. भाकरी गरम होती म्हणून.

हे त्याने फक्त आईला सांगितले होते. शारदाबाई या घरातल्या सोवळ्याच्या स्वयंपाकाच्या धनी. श्राद्धपक्षाला त्यांच्या हातचेच लागे. नवरा गेल्यावर या घरात त्यांना जागा होती ती तेवढ्या चुलीपुरती. मुलगा लिंगायताच्या घरी जेवला आणि आईने त्याला परत आपल्या पानाला घेतले, हे उघड झाले तर ती जागाही जाईल, आणि वर सबंध ज्ञाती बोट दाखवील. गुलबर्ग्याचे घर त्याने आईला या चुलीपासून सोडवण्यासाठीच घेतले होते. पण ते वाचवायला आईची अब्रू पंचांपुढे ठेवावी लागणार असेल, तर घर गेलेले परवडले, असा हिशेब त्याने मनाशी केला होता. चार वर्षे नीतिशास्त्र शिकलेला माणूस आणखी काय करणार?

"बघा," हणमंतराव समाधानाने म्हणाले. "उत्तर न्हाई."

पडद्याआड त्यांच्या पत्नी नलिनीबाईंनी ते ऐकले आणि त्यांचा शेवयांवरचा हात हलका झाला. नवऱ्याच्या खरेखोटेपणाविषयी त्यांना भ्रम नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी एकही मनीऑर्डर घरातून जाताना पाहिली नव्हती. पण फाल्गुनात सुमनचे लग्न होते, उदगीरचे व्याही नावाजलेले आणि कर्मठ होते, मानपान मोठा होता. आणि गुलबर्ग्याच्या घराचा निम्मा वाटा आला तर ते सगळे झाकले जाणार होते. खोट्यातून मुलीचे बरे होत असेल तर खोट्याच्या तोंडावर पदर घालायचा, एवढेच या घराने त्यांना शिकवले होते. त्यांनी शेजारी पाहिले. शारदाबाई हात पुसून उठत होत्या.

"अक्का, कुठं?"

"बाहेर."

"पंच बसलेत. बायामाणसांनी कामून जायचं तिथं?"

"कोण कुणाचं जेवलं, हेच चाललंय न्हवं? मग ते माझं काम हाय."

शारदाबाई पडदा सारून दारात उभ्या राहिल्या. मुलाने मान वर केली, डोळ्यांनी नको म्हटले. त्यांनी ते पाहिले आणि बाजूला ठेवले. या चौकटीच्या आत त्यांनी जन्म घालवला होता. ज्या सोवळ्याने त्यांना चुलीपाशी जागा दिली, त्याने बाकी सगळ्या घरातली जागा काढून घेतली होती. मुलगा तिकडे दारोदार फिरला तेव्हा ते सोवळे त्याच्या पोटात गेले नाही. गेली ती सावित्रम्माची भाकरी. त्या बाईचे नाव आपण चोरीच्या मालासारखे दडवून ठेवले, याचीच त्यांना आता लाज वाटत होती.

"बुवा," त्या म्हणाल्या, "माझा व्यंकू चार वर्षं गुरुशांतप्पाच्या घरी जेवला. सावित्रम्माच्या हातचं. मला पहिल्यापासून ठाऊक हाय."

शास्त्रीबुवांच्या हातातला विडा तोंडापर्यंत गेला नाही. "लिंगायताच्या घरी? शिजलेलं?"

"शिजलेलंच. कच्ची ज्वारी चावून बी.ए. होत न्हाई, बुवा."

"सावित्रम्मा माझी पाठची भैण," अमृतप्पा शांतपणे म्हणाले. "मला बी ठाऊक होतं. ह्या अक्का म्हणल्या गप बसा, म्हणून गप बसलो. आता तुम्ही मला एक सांगा, बुवा. आमच्या दुकानची ज्वारी तुम्हाला चालते. आमच्या गाडीतनं आली तरी चालते. तव्यावर टाकली की बाटते. नेमकं कुठल्या टप्प्यावर बाटतं तेवढं सांगून ठेवा, आमची माणसं तिथंच थांबत जातील." मग, "आमच्यात बी काय कमी शाणे न्हाईत. आमच्या घरी तुमचं पाणी चालत न्हाई."

हणमंतरावांना यात संकट दिसले नाही, संधी दिसली. वकिलाचा स्वभाव असा, की साक्षीदार पडताना दिसला की तो कुणाचा, हे पाहायचे राहून जाते. ते गुडघ्यांवर उठून बसले. "ऐकलंव का, बुवा? बाटला! आन् ह्या आईनं त्याला पानाला घेतला! वहिनी, तुम्ही ह्याच हातांनी दादाच्या श्राद्धाचा स्वयंपाक केलाव?"

"केला," शारदाबाई म्हणाल्या. "तुम्ही जेवलाव, भाऊजी. वरण परत मागून घेतलाव."

राघोबाशास्त्रीही त्या पंगतीला होते. ग्रंथ माणसाला भितो असा त्यांचा अनुभव नव्हता. माणूसच ग्रंथाला भीत आलेला होता, आणि त्यांत ते स्वतः पहिले. "अजाणता घडलं त्याला थोडक्यात सोडवता येतं," ते सावकाश म्हणाले. "पंचगव्य, एक उपास. मी बी करीन. पण जाणूनबुजून ज्यानं त्या घरचं खाल्लं, किंवा खाऊ घातलं, त्याचं तसं न्हाई. त्याला मोठं प्रायश्चित्त. ते होईपतोर त्याच्या घरी पंगत न्हाई, त्याच्या घरी अक्षता न्हाईत."

पडद्याआड कशाचा तरी आवाज झाला. ताट असावे.

आणि या क्षणी व्यंकटेशाची जीभ सुटली. जे झाकण्यासाठी तो गप्प होता ते आता झाकलेले राहिले नव्हते. आईने ते स्वतःच्या हाताने बैठकीच्या मध्यावर ठेवले होते. आता त्याच्यापाशी फक्त त्याची तत्त्वज्ञानाची विद्या उरली होती, ती निरुपयोगी, बिनतनख्याची, जिने एका विधानातून दुसरे विधान निघते की नाही एवढेच शिकवले होते. त्याला गंमत वाटली, की तर्कशास्त्राच्या तासाला जी युक्ती मेलेल्या उदाहरणांवर गिरवली, ती आज श्वास घेत होती.

"काका," तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "मनीऑर्डर तुम्ही धाडत होताव न्हवं?"

"सांगितलं की. धाडत होतो."

"कुठल्या पत्त्यावर?"

हणमंतरावांनी पानदान उगाच पुढे ओढले.

"चार वर्षं माझा पत्ता एकच होता. गुरुशांतप्पांचं दुकान, उस्मानगंज. धाडली असली तर तिथंच धाडलाव. म्हंजे मी कुठं राहतो, कुणाच्या हातचं खातो, ते तुम्हाला ठाऊक होतं, आन् त्या अन्नाचा पैसा तुम्ही जाणूनबुजून दिलाव. धाडली नसली तर मी परक्याचं जेवलो. दोन्हीतलं एक खरं असणार. तिसरं काय असंल तर मला शिकवलेलं न्हाई, तुम्ही शिकवा."

"कॉलेजच्या पत्त्यावर धाडली," हणमंतराव म्हणाले. आवाज वकिलाचा होता, पण पक्षकार आतून पळालेला होता.

"आन् भावाचं लेकरू राहतंय कुठं ते चार वर्षं विचारलं न्हाई?" अमृतप्पा म्हणाले. "बापाच्या जागी हाव न्हवं?"

शास्त्रीबुवांनी म्हणण्याचा कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. "न्हाई, हणमंतराव. हे चालायचं न्हाई. अन्न माझं, असं लिहून सही केलीय तुम्ही. अन्न तुमचं असंल तर ते कुठं शिजलं ते तुम्हाला ठाऊक पायजे. ठाऊक नसंल तर ते तुमचं न्हाई. काय ते एक सांगा. कुठलं सांगताव त्यावर माझा धर्म चालंल, तुमचा मुलाहिजा न्हाई."

बैठकीत जे चालले होते त्याचे सौंदर्य पाहायला एखादा निर्दय डोळा हवा होता. ज्या नियमाने माणसाला माणसाच्या भाकरीपासून पिढ्यान् पिढ्या तोडले, तो नियम त्या दिवशी कुणी मोडला नाही, कुणी त्याच्याविरुद्ध भाषण केले नाही. तो फक्त आजवर ज्यांनी चालवला त्यांच्यावर, एकदाच, काटेकोर चालवला गेला. त्याच्या एका बाजूला गुलबर्ग्याचे घर होते आणि दुसऱ्या बाजूला उदगीरचे व्याही. आणि मधे हणमंतराव होते, आपणच निवडलेल्या पंचांच्या मधोमध.

पडदा दुसऱ्यांदा सरला. नलिनीबाई बाहेर आल्या. परपुरुषांसमोर त्या कधी आल्या नव्हत्या. आज पदर सावरायचेही त्यांना भान नव्हते.

"अवं, सांगा की! गप कामून बसलाव?"

"तू आत जा."

"न्हाई जायची. ते घर गेलं खड्ड्यात. माझ्या सुमनच्या अक्षतांवर पाणी सोडायलाव का तुम्ही? उदगीरकरांच्या कानावर गेलं की ते दारात तरी उभं राहतील व्हय?" मग त्या पंचांकडे वळल्या. "बुवा, ह्यांनी काय बी धाडलं न्हाई. मला ठाऊक हाय. पण माझ्या सांगण्यानं भागत न्हाई न्हवं? ह्यांनाच विचारा. देवाची शपथ घातलीय, विचारा."

शारदाबाईंनी जावेकडे पाहिले. एवढ्या वर्षांत त्या दोघी पहिल्यांदाच एका दारात, एका बाजूला उभ्या होत्या. शारदाबाईंनी हात लांबवून नलिनीबाईंचा पदर खांद्यावर नीट केला.

राघोबाशास्त्री त्यांना म्हणाले, कठोरपणे नव्हे, "शारदाबाई, काय ठरायचं ते ठरू द्या. पण तुमचं सोवळं मोडलं. ह्या घरच्या श्राद्धाच्या चुलीशी आता तुम्हाला जाता यायचं न्हाई."

"बरं झालं, बुवा," त्या म्हणाल्या. "माझं मलाच सोडवत नव्हतं. गुलबर्ग्याला चूल मांडायची हाय. पहिल्या दिवशी सावित्रम्माला बोलावणाराय मी. माझ्या हातचं तिला चालंल का, ते तिचं ती बघंल."

"चालंल, अक्का," अमृतप्पा म्हणाले. "मी सांगतो तिला."

व्यंकटेश उठून आईपाशी जाऊन उभा राहिला. इतकी ताठ उभी असलेली त्याने तिला पूर्वी पाहिले नव्हते, आणि आपली मानही केव्हा तशीच ताठ झाली हे त्याला कळले नाही. शास्त्रीबुवांनी दौत पुढे ओढली. हणमंतरावांनी एकदा नलिनीबाईंकडे पाहिले, एकदा दाराकडे, जणू उदगीरकर तेथे येऊन ठेपलेच होते. मग ते बोलले. पुढे या घराण्यातल्या पुष्कळांनी त्यांचे शब्द सोयीप्रमाणे मऊ करून सांगितले आहेत. राघोबाशास्त्र्यांनी मात्र ते कारकुनी भाषेत न बसवता, तोंडातून आले तसे उतरवून घेतले:

"लिहा, बुवा. व्यंकटेश हैद्राबादेत होता त्या चार वर्षांत मी त्याला एक पैसा धाडला न्हाई, एक दाणा धाडला न्हाई. मनीऑर्डरचं मी गावात सांगत फिरलो, ते माझं नाव खाली जाऊ नये म्हणून सांगितलं. ते खोटं हाय. त्यानं कुणाच्या घरी खाल्लं ते मी विचारलं न्हाई. विचारलं असतं तर द्यावं लागलं असतं. माझ्या घरचं त्यानं खाल्लं न्हाई, म्हणून त्याच्या विद्येत माझं काय बी न्हाई."